मोडशी, काथ आणि परमुलखातील रोगी

बंगळूरहून पूर्वेकडे जुन्या मद्रास रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर होसकोटे हे गाव लागते. कानडीत 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मे गौडाने येथे किल्ला बांधला, तेव्हापासून हा 'नवा कोट' त्याच नावाने ओळखला जातो. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे यांच्या जोडीने होसकोटेही होते. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये मुरारराव घोरपड्यांच्या याच गावाजवळील छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला आणि तो फसला. मराठी शिलेदारांनी गावाचे नाव कानावर पडले तसे उचलले, त्याचा अर्थ विचारला असेल वा नसेल. इंग्रज लेखकांनी तर त्याचे 'ऊस्कोटा' करून टाकले. परंतु नाव कसेही उच्चारले गेले, तरी कोट जागचा हलला नाही. वाट पुसत जाणारा प्रवासी अखेर तेथे पोहोचलाच.

गावांच्या नावांना असलेली ही सवलत रोगांच्या नावांना नाही. परमुलखात गेलेल्या रोग्याच्या व्याधीचे नाव चुकीचे समजले गेले, तर तो भलत्याच मुक्कामी जाऊन पोहोचतो. आज हजारो कुटुंबे उपचारासाठी आपला प्रांत सोडून दुसऱ्या प्रांतात आणि देश सोडून परदेशात जातात. पैसे किती लागतील, राहावयाचे कोठे, सोबत कोणी जावयाचे, याची चौकशी ती निघण्यापूर्वी कसोशीने करतात. तेथे जे शब्द बोलले जातील ते आपल्याला समजतील काय, ही चौकशी मात्र बहुधा राहून जाते. हा प्रश्न आजचा वाटला, तरी तो फार जुना आहे; आणि त्याच्या इतिहासातील काही ठळक प्रसंग मराठी भाषेच्या मुलखातच घडलेले आहेत.

त्यांतील पहिला गोव्यातील आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. या ग्रंथाचा मोठा विशेष असा की, प्रत्येक पदार्थाला अरबीत काय म्हणतात, दक्षिणेत काय म्हणतात, गुजरातेत काय म्हणतात, हे तो आवर्जून सांगतो. एकच औषध चार बाजारांत चार नावांनी विकले जाते आणि एकाच नावाने दोन निराळ्या वस्तूही विकल्या जातात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहावर ओर्ता उपचार करीत असे. त्या भेटींविषयी त्याने एक लहानशी पण फार अर्थपूर्ण गोष्ट नमूद केली आहे. रोगांची व औषधांची अरबी नावे निजामशहा त्याला शिकवी आणि लॅटिन नावे तो निजामशहाला शिकवी. त्यात बादशहाला मोठा आनंद वाटे. रोगी आणि वैद्य समोरासमोर बसून एकमेकांना आपापले शब्द शिकवीत आहेत, असे हे चित्र आहे. रोगी सुलतान होता म्हणून वैद्याला एवढी सवड मिळाली, असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. तथापि उपचाराला आरंभ करण्यापूर्वी दोघांचे शब्द जुळले पाहिजेत, ही जाणीव त्या दोघांनाही होती, हे महत्त्वाचे.

शब्द जुळले नाहीत म्हणजे काय होते, याचे उदाहरणही याच ग्रंथातून निघते. उलट्या व जुलाब होऊन माणूस काही तासांत गळून जातो व दगावतो, अशा एका भयंकर व्याधीचे वर्णन ओर्ताने केले आहे. ती पटकीच होय. येथील लोक या व्याधीला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज तो शब्द बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे. हा मूळ शब्द म्हणजे आपली 'मोडशी'. शरीर मोडते, कोसळते, म्हणून मोडशी. पुढे हा बिघडलेला शब्द फ्रेंच लोकांच्या कानी गेला. त्यांना त्यात स्वतःच्या भाषेतील शब्द ऐकू आले, आणि त्यांनी त्याचे 'मोर द शियँ' केले. त्याचा फ्रेंच अर्थ 'कुत्र्याचे मरण'! कोकणपट्टीतील एक साधा, वर्णनपर शब्द दोन समुद्र ओलांडताच शिवीसारखा झाला. आणि त्या नावाचा कुत्र्याशी काही संबंध असेल, अशी समजूत करून घेणारेही निघाले.

याहून सूक्ष्म धोका मूळ भाषेतच आहे. आज मराठी घरात 'मोडशी' म्हटले की अजीर्णाने बिघडलेले पोट, ओव्याची फक्की आणि एक दिवसाचे लंघन एवढेच डोळ्यांपुढे येते. जीवघेण्या साथीला मराठीने पुढे 'पटकी' हे दुसरे नाव दिले. म्हणजे अक्षरे तीच राहिली, पण अर्थातील मरण निघून गेले. परक्या भाषेतला शब्द कळत नाही, हे निदान आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र विचारू देत नाही. फसवणूक होते ती अशाच शब्दांकडून.

दुसरा प्रसंग पुन्हा होसकोट्याच्या वाटेने येतो. तिसऱ्या म्हैसूर युद्धात, १७९१ च्या आरंभी, लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज घाट चढून कोलारवरून होसकोट्यास आली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बंगळूरसमोर उभी राहिली. त्या काळच्या फौजा बैलांच्या पाठीवर चालत. धान्य, दारूगोळा, तंबू, तोफा, सारे बैलांच्या बळावर. आणि बैलांमागे हजारो गाडीवान व हाके. लढाईच्या इतिहासात त्यांची नावे सहसा येत नाहीत. इंग्रजांच्या फौजेतील अशा एका मराठा बैलहाक्याचे नाव मात्र वैद्यकाच्या इतिहासात राहिले. इंग्रजी कागदात ते 'कावसजी' असे उतरले आहे. जातीने शेतकरी मराठा असलेल्या माणसाला हे पारशी धाटणीचे नाव कोठून आले, असा प्रश्न पडतो. त्याच्या नावाचेही 'ऊस्कोटा' झाले असणे अगदी शक्य आहे. तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. तशाच स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला आणि मग पुण्याच्या परिसरात वीटकाम करणाऱ्या कुंभार जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिलेली होती. पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात त्या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध झाला. क्रिया अशी होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा करून नाकाच्या खुंटावर बसवावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याभोवती रेघ काढावयाची. रेघेच्या आतील कातडी सोडवून घ्यावयाची, पण दोन भुवयांमध्ये तिची एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवावयाची, म्हणजे रक्त वाहते राहते. खुंटावरील जुना व्रण कापून ताजा करावयाचा, कातडी पिळा देऊन खाली वळवावयाची व त्या खाचेत बसवावयाची. वर काथाच्या लेपाने माखलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकावयाची.

येथे परमुलखात असलेले कोण होते? या वेळी शब्द न कळणारे होते ते इंग्रज डॉक्टर. कुंभार लॅटिन जाणत नव्हता आणि डॉक्टरांचे मराठी बेताचेच असावयाचे. तरीही क्रियेचा एकही टप्पा त्यांच्या नजरेतून सुटला नाही, कारण तो टप्पा शब्दाने सांगितला जात नव्हता, हाताने दाखविला जात होता. रोग्याचेही तसेच. आपल्या कपाळावर ठेवलेला मेणाचा तुकडा त्याला बोटांनी चाचपता येत होता. कोठे कापणार, किती कापणार, हे चाकू लागण्यापूर्वीच त्याला कळत होते.

शब्द आड आला तो पुढे, वृत्तान्त लिहिताना. काथाला त्या पत्रात 'टेरा जपोनिका' म्हटले आहे. या लॅटिन नावाचा अर्थ 'जपानची माती'. सतराव्या शतकात युरोपातील औषधविक्रेत्यांकडे काथाची तांबूस ढेकळे पोहोचली, तेव्हा ती जपानातून येणारी एखादी माती असावी, असा त्यांचा ग्रह झाला आणि नाव रूढ झाले. वास्तविक काथ ही माती नव्हे आणि तो जपानचाही नव्हे. खैराच्या लाकडाचा काढा आटवून तो करतात. ओर्ताने १५६३ मध्येच गोव्यातून तो झाडापासून होतो असे लिहून ठेवले होते. तरी शंभर वर्षांनी चुकीचे नाव टिकले, खरे वर्णन विस्मरणात गेले. त्या नावावर विसंबून कोणी जपानी मातीचा शोध घेत बसला असता, तर हिंदुस्थानी रीतीचे नाक त्याला कधीच साधले नसते.

लंडनमधील शस्त्रवैद्य जोसेफ कार्पू याने ही रीत ध्यानात घेतली, प्रेतांवर तिचा अभ्यास केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ती यशस्वीपणे करून दाखविली. १८१६ साली त्याने आपल्या दोन शस्त्रक्रियांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने छापला. दोन वर्षांनी बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याने याच विषयावर ग्रंथ लिहिला व त्याच्या शीर्षकात 'र्‍हायनोप्लास्टिक' हा शब्द योजला. येथून 'प्लास्टिक' हा शब्द शस्त्रक्रियेला जोडला गेला. आज हा शब्द ऐकणाऱ्या अनेकांना वाटते की, शरीरात प्लास्टिकचा तुकडा बसविणार. तो ग्रीक शब्द मुळात घडविणे, मातीला आकार देणे या अर्थाचा आहे आणि बाजारातील प्लास्टिक जन्मण्याच्या पुष्कळ आधीचा आहे. मातीला आकार देणारा तो कुंभारच! पुण्याच्या कारागिराचे नाव त्या इंग्रजी पत्रात कोणी लिहिले नाही. पण त्याच्या जातीचा धंदा, कोणाच्या ध्यानीमनी नसता, त्या विद्येच्या नावात येऊन बसला. मराठीतील 'सुघटन शल्यचिकित्सा' हा शब्द त्या अर्थाला अधिक जवळचा आहे. सुश्रुताने तर गालाच्या कातडीने नाक सांधण्याची क्रिया फार पूर्वी सांगितलेली होती व 'संधान' या सरळ शब्दाने तिचा बोध होत होता.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्य वैद्यक महाराष्ट्रात स्थिर झाले. १८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेथील शिक्षण इंग्रजीत होते. परंतु रोगी इंग्रजी बोलत नव्हते, ही अडचण लवकरच जाणवली आणि १८६१ च्या सुमारास तेथे मराठी व गुजराती भाषांतून शिकविण्याचे वर्ग उघडले गेले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीत वैद्यकावर ग्रंथ लिहिले. संस्कृतातून शब्द घ्यावा, लोकांच्या तोंडचा घ्यावा की इंग्रजीच ठेवावा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. तो विद्वानांचा वाद म्हणून ऐकला जातो. त्यात रोग्याचा पक्ष मांडणारे थोडे.

तो पक्ष जिने स्वतःच्या आयुष्याने मांडला, ती आनंदीबाई जोशी होय. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख तिने भोगले होते. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करताना, हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची फार मोठी गरज आहे, असे तिने सांगितले. पुरुषापुढे ज्या व्यथेचा उच्चारच करता येत नाही, तिच्यावर उपचार तरी काय होणार? येथे अडसर परक्या भाषेचा नव्हता. भाषा एकच असून शब्द ओठांवर येत नव्हता. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून तिने एम.डी. ही पदवी मिळविली आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदूंमधील प्राचीन प्रसूतिशास्त्राचा. आपल्याकडील ज्ञान त्यांच्या शब्दांत सांगावयाचे आणि त्यांचे ज्ञान घेऊन आपल्या स्त्रियांकडे यावयाचे, असा तो दुहेरी प्रवास होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला आणि प्रवासाचा दुसरा अर्धा भाग इतरांसाठी राहिला.

आज बंगळूर हे उपचारासाठी येणाऱ्यांचे मोठे केंद्र झाले आहे. उत्तर कर्नाटक व महाराष्ट्रातील रोग्यांप्रमाणे बंगाल, पश्चिम आशिया आणि आफ्रिका येथूनही रोगी तेथे येतात. खुद्द होसकोट्यात २००१ साली वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उघडले. अशा ठिकाणी आलेल्या मराठी कुटुंबाभोवती परिचारिकेची कानडी, कचेरीतील हिंदी, डॉक्टरांची इंग्रजी आणि चिठ्ठीवरील लॅटिन अशा चार भाषा एकाच वेळी फिरत असतात. 'टी.डी.एस.' म्हणजे दिवसातून तीनदा आणि 'एस.ओ.एस.' म्हणजे गरज लागल्यास, ही लॅटिनची आद्याक्षरे आहेत. 'ॲक्यूट' म्हणजे एकाएकी उद्भवलेला आणि 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चालणारा; या शब्दांनी काळ सांगितला जातो. रोग किती गंभीर आहे, हे 'क्रॉनिक' या शब्दावरून कळत नाही. 'स्टेबल' म्हणजे प्रकृती आहे त्या ठिकाणी टिकून आहे. बरी झाली असे नव्हे. 'पॉझिटिव्ह' हा शब्द शुभ वाटतो, परंतु तपासणीत तो सहसा नको असलेली गोष्ट सापडल्याचे सांगतो. हे सारे मोडशीचेच सोबती आहेत. ओळखीचे वाटतात, म्हणून कोणी विचारीत नाही.

समुद्र ओलांडला की आकडेही भाषा बदलतात. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक भरली की मधुमेहाची शंका घेतात, हे आपल्याकडे पुष्कळांना पाठ असते. ब्रिटनमध्ये व कॅनडात हेच माप 'मिलिमोल' या एककात देतात आणि तेथे तोच आकडा ७ असा येतो. आपली साखर सातवर आली, असा आनंद मानणारा रोगी होता त्याच ठिकाणी असतो. आपल्याकडे 'पॅरासिटामॉल' म्हणतात ते तापाचे औषध अमेरिकेत 'ॲसिटॅमिनोफेन' या नावाने मिळते. दोन नावे म्हणजे दोन औषधे असे समजून ती एकदम घेतली, तर मात्रा दुप्पट होऊन यकृताला इजा होऊ शकते. तारखेत महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी रीतीने जुलैची चौथी तारीख आपल्याला एप्रिलची सातवी दिसते. म्हणून निघण्यापूर्वी औषधांची मूळ नावे, मात्रा, तपासण्यांचे आकडे त्यांच्या एककांसह आणि महिन्याचे नाव अक्षरांनी लिहिलेल्या तारखा यांचा एक कागद आपल्या डॉक्टरांकडून तयार करून घेणे, हे पारपत्राइतकेच आवश्यक आहे.

या गोंधळावर जगाने एक उपाय काढला आहे. १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मान्य झाली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. प्रत्येक रोगाला तीत एक संकेतांक आहे. दहाव्या आवृत्तीची सुरुवातच 'ए ००' या संकेताने होते, आणि तो आहे पटकीचा. ओर्ताची मोर्शी, पोर्तुगिजांची मोर्देशी, फ्रेंचांचे कुत्र्याचे मरण, ही सारी नावे त्या तीन अक्षरांत विरून गेली. डॉक्टर-डॉक्टरांतील संभ्रम यामुळे पुष्कळसा मिटला. परंतु अंथरुणावर पडलेल्या माणसाला 'ए ००' म्हणून काहीच सांगितले जात नाही. दोन वैद्यांचे शब्द जुळले. वैद्याचा व रोग्याचा शब्द जुळावयाचा राहिला.

तो जुळला पाहिजे, असे आता केवळ सौजन्य सांगत नाही, कायदाही सांगतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेल्या एका निर्णयात संमतीचा अर्थ स्पष्ट केला. एका स्त्रीने केवळ निदानासाठी करावयाच्या तपासणीला संमती दिली होती; ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. निदानाची संमती ही उपचाराची संमती होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. क्रिया कोणती, कशासाठी, तिचा लाभ काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे काय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रोग्याला पुरेसे सांगितले गेले पाहिजे. 'निदान' आणि 'उपचार' या दोन शब्दांमधील अंतर किती मोठे असते, ते त्या स्त्रीच्या आयुष्याने दाखविले.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रोग्याने अथवा त्याच्या माणसाने ऐकलेली गोष्ट आपल्या भाषेत, आपल्या साध्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावी. लागल्यास दुभाष्याकरवी सांगावी. चूक असेल तर ती तेथेच सुधारली जाईल. यात अज्ञान उघडे पडण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. अहमदनगरच्या निजामशहाला वैद्याकडून शब्द शिकण्यात कमीपणा वाटला नाही, आणि गोव्याच्या वैद्याला रोग्याकडून शिकण्यात वाटला नाही. शब्दच सापडत नसेल तर चित्र काढून मागावे, अंगावर बोट ठेवून दाखवावयास सांगावे. कपाळावरच्या मेणाच्या तुकड्याने अडाणी बैलहाक्याला जे कळले, ते शिकलेल्या माणसाला कागदावरच्या सहीत कळेनासे होऊ नये. शरीर आपले आहे. त्यावर काय होणार हे सांगणारा शब्दही आपल्याला कळेल असाच असला पाहिजे.